मेष, मीन की वृश्चिक? भारतीय आणि पाश्चात्य ज्योतिषातला खरा फरक

प्रश्न असा आला आहे: जन्म ५ एप्रिलचा, नाशिकचा. मोबाइलवरचं ॲप म्हणतं, तुम्ही मेष. आजोबांनी करून घेतलेल्या पत्रिकेत रास वृश्चिक लिहिली आहे. आणि ज्योतिष शिकणारा मित्र सांगतो की तुमचा सूर्य मीनेत आहे. यातलं खरं काय, दोन पद्धतींत फरक कुठे आहे, आणि डब्लिनमध्ये जून महिन्यात जन्मलेल्या मुलीची पत्रिका कशी करायची?

तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. घोटाळा होतो तो यामुळे, की इथे दोन वेगळे फरक एकमेकांत मिसळले आहेत. ते आधी सोडवून घेऊ.

पहिला फरक साधा आहे. आपल्याकडे ‘तुझी रास कोणती’ असं विचारलं की जन्मवेळी चंद्र ज्या राशीत होता ती रास सांगायची असते. पाश्चात्य पद्धतीत तोच प्रश्न सूर्याबद्दल असतो. सूर्य एका राशीत महिनाभर राहतो, म्हणून नुसत्या तारखेवरून सांगता येतो. चंद्र सव्वादोन दिवसांत रास ओलांडतो, म्हणून त्याच्यासाठी पंचांग उघडावं लागतं. तुमची वृश्चिक ही चंद्राची, ॲपमधली मेष ही सूर्याची. त्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

दुसरा फरक खरा महत्त्वाचा. ॲपचा सूर्य मेषेत आणि मित्राचा सूर्य मीनेत, हा एकच सूर्य आहे, एकाच क्षणी, आकाशात एकाच जागी. मोजायला सुरुवात कुठून करायची, एवढंच बदललं आहे. पाश्चात्य ज्योतिषी मेषेचा शून्य अंश वसंतसंपातावर धरतात, म्हणजे २०-२१ मार्चला सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो त्या बिंदूवर. ही सायन पद्धत. आपण तो शून्य अंश ताऱ्यांच्या संदर्भाने धरतो. ही निरयन पद्धत. संपातबिंदू ताऱ्यांमधून दर वर्षी सुमारे ५०.३ विकला मागे सरकतो (एक अंश म्हणजे ६० कला, एक कला म्हणजे ६० विकला); जवळजवळ ७२ वर्षांत एक अंश, आणि पूर्ण फेरीला २६ हजार वर्षांच्या आसपास लागतात. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही शून्यं एकत्र होती. आज त्यांच्यात २४ अंशांहून थोडं जास्त अंतर पडलं आहे. या अंतरालाच अयनांश म्हणतात. ५ एप्रिलला सायन सूर्य मेषेच्या १५ अंशांच्या आसपास असतो. त्यातून २४ वजा केले की मीनेचे २१ अंश, रेवती नक्षत्र.

हा फरक मराठी घरात दर वर्षी दिसतो, फक्त तिकडे आपण त्या नजरेने पाहत नाही. सूर्य सायन मकरेत शिरतो २१-२२ डिसेंबरला. उत्तरायण खगोलीय अर्थाने तेव्हाच सुरू होतं. आपण तीळगूळ वाटतो १४ किंवा १५ जानेवारीला, कारण ती निरयन मकर संक्रांत. मधले साधारण २४ दिवस म्हणजेच २४ अंश. आणि ही संक्रांत इंग्रजी तारखेने हळूहळू पुढे सरकत असते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली आणि तो दिवस संक्रांतीचा होता असं आपण सहज म्हणतो. पण गणित केलं तर त्या वर्षीची संक्रांत ९-१० जानेवारीच्या सुमारास येते.

मग कोणतं शून्य बरोबर? माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न ‘खरं-खोटं’ या भाषेत सोडवता येत नाही. सायन राशी ऋतूंना बांधलेल्या आहेत, निरयन राशी ताऱ्यांना. दोन्ही मोजमापं सुसंगत आहेत. चूक होते ती एका पद्धतीचं स्थान घेऊन दुसऱ्या पद्धतीचं फळ वाचल्यावर. सायन मेषेचा सूर्य घ्यायचा आणि ‘मेषेचा सूर्य उच्चीचा’ (म्हणजे सर्वांत बलवान) म्हणून आपल्या ग्रंथांतलं फळ लावायचं, असं आज इंटरनेटवर सर्रास चालतं. ते करू नका. याच निमित्ताने तेराव्या राशीचाही निकाल लावू. भुजंगधारी नावाचा तारकासमूह सूर्याच्या मार्गात येतो हे खरं आहे, पण ज्योतिषातली रास म्हणजे तारकासमूह नव्हे. दोन्ही पद्धतींत रास म्हणजे ३० अंशांचा समान भाग. बारा गुणिले तीस तीनशे साठ होतात, तिथे तेरावीला जागा नाही.

आता एक गोष्ट, जी परदेशी पुस्तकांत फारशी सापडत नाही आणि महाराष्ट्राने मात्र भोगली आहे. निरयन म्हटल्यावर वाद संपत नाही. कोणता तारा धरायचा? चित्रा तारा बरोबर १८० अंशांवर धरला की चित्रापक्षीय अयनांश येतात; रेवतीचा योगतारा, म्हणजे त्या नक्षत्राचा मुख्य तारा, शून्यावर धरला की रैवतपक्षीय, आणि ते जवळपास चार अंशांनी कमी. गणिती केरूनाना छत्र्यांनी रैवतपक्ष मांडला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं आणि टिळक पंचांग आजही त्यावर चालतं. व्यंकटेश बापूजी केतकर चित्रापक्षाचे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांसारखा विद्वान तर पंचांग सायनच असावं या मताचा होता. कोकणात काही घरांत काही वर्षी गणपती महिनाभर आधी बसतात, त्याचं मूळ याच चार अंशांत आहे, कारण अधिक महिना वेगळा पडतो. केंद्र सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये पंचांग सुधारणा समिती नेमली. तिने चित्रापक्ष स्वीकारून २१ मार्च १९५६ चे अयनांश २३ अंश १५ कला ठरवले. निर्मलचंद्र लाहिरी त्या समितीचे सचिव होते, म्हणून संगणकाच्या प्रणालीत याच अयनांशांना ‘लाहिरी’ म्हटलेलं दिसतं. महाराष्ट्रात आज बहुतेक पत्रिका यावरच होतात.

मोजण्याचं शून्य बदललं की काय बिघडतं, हे कळायला एखादी पत्रिका समोर हवी. कोणा व्यक्तीची घेण्यापेक्षा सर्वांना माहीत असलेला क्षण घेऊ: १५ ऑगस्ट १९४७, मध्यरात्र, दिल्ली. स्वतंत्र भारताची ही पत्रिका कित्येक ज्योतिषी अभ्यासासाठी वापरतात. निरयन पद्धतीने वृषभ लग्न (त्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास), सात अंशांच्या पुढे. कर्केत पाच ग्रह: सूर्य, चंद्र, बुध, शुक्र आणि शनी. मंगळ मिथुनेत, गुरू तुळेत, राहू लग्नात. आता हीच पत्रिका सायन करा. लग्न मिथुनेला नुकतंच लागलेलं. सूर्य, बुध, शुक्र, शनी हे चौघे सिंहेत, चंद्र एकटा कर्केत मागे राहतो. मंगळ कर्केत, गुरू वृश्चिकेत. ग्रहांची आपसातली अंतरं कलेनेही बदललेली नाहीत. पण राशी बदलल्या, राशी बदलल्या म्हणून स्थानांचे, म्हणजे पत्रिकेतल्या बारा घरांचे, स्वामी बदलले, आणि वाचन पूर्ण वेगळं झालं.

इथून आपण फलिताच्या पद्धतीकडे येतो, आणि मला वाटतं खरी दरी इथे आहे. अयनांश तुम्ही एका वजाबाकीने ओलांडू शकता. पुढचं तसं नाही.

आपल्या पद्धतीचा कणा नक्षत्र आहे. वेदांग ज्योतिष या आपल्या प्राचीन ग्रंथात राशी नाहीत. २७ नक्षत्रं आहेत, चंद्र-सूर्याची गती आहे, पाच वर्षांचं युग आहे. बारा राशी, होरा आणि द्रेष्काण (राशीचे अर्धे आणि तिसरे भाग), केंद्र या कल्पना ग्रीकांच्या संपर्कातून नंतर आल्या. वराहमिहिराने सहाव्या शतकात यवनांना, म्हणजे ग्रीकांना, या शास्त्रातलं ज्ञान असल्याने ते ऋषींसारखे पूज्य आहेत, हे गर्गाचं वचन मोकळ्या मनाने दिलं आहे. म्हणून ‘आमचं सगळं वेदांतलं आणि त्यांचं उसनं’ असं कोणी म्हणू लागला तर त्याला वराहमिहिर दाखवावा. पण नक्षत्रं आपली, आणि त्यांच्यावर उभी राहिलेली दशापद्धतीही, म्हणजे आयुष्याचे कालखंड एकेका ग्रहाला वाटून देण्याची रीतही, आपली.

एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं. त्याचे चार चरण, प्रत्येक ३ अंश २० कलांचा. एका राशीत नऊ चरण, बारा राशींत १०८. बारशाला नावाचं आद्याक्षर काढतात ते या चरणावरून: अश्विनीला चू, चे, चो, ला. चंद्र रोज साधारण एक नक्षत्र चालतो. जन्मवेळी तो ज्या नक्षत्रात असेल त्याच्या स्वामीची महादशा प्रथम येते. विंशोत्तरीत केतू ७, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७, अशी १२० वर्षं वाटलेली आहेत. पहिली दशा मात्र पूर्ण मिळत नाही. चंद्राने नक्षत्राचा जेवढा भाग ओलांडला असेल तेवढी ती भोगून झालेली असते.

पुन्हा भारताच्या पत्रिकेवर या. चंद्र कर्केत ३ अंश ५९ कलांवर. पुष्य सुरू होतं ३ अंश २० कलांना, म्हणजे चंद्र पुष्यात नुकता शिरला आहे, फक्त ३९ कला झाल्या आहेत. पुष्याचा स्वामी शनी. त्याच्या १९ वर्षांपैकी १८ वर्षांहून थोडी जास्त शिल्लक राहतात. शनीची महादशा १९६५ च्या सप्टेंबरपर्यंत जाते. मग बुध १९८२ पर्यंत, केतू १९८९, शुक्र २००९, रवी २०१५, चंद्र २०२५, आणि सप्टेंबर २०२५ पासून मंगळ. आता अयनांश रैवतपक्षाचे घ्या. चंद्र पुष्यातच राहतो, पण नक्षत्राचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग ओलांडलेला असतो. शनीची शिल्लक साडेबारा वर्षांच्या आसपास येते आणि पुढची प्रत्येक दशा पाच-सहा वर्षं अलीकडे सरकते. सूर्यही कर्केतून सिंहेत जातो. म्हणून मी पत्रिका हातात घेतली की आधी अयनांश कोणते धरलेत ते पाहतो, ग्रह नंतर.

पाश्चात्य ज्योतिषात अशी जन्मनक्षत्रावर आधारलेली दशा नाही. तिथे काळ पाहण्यासाठी गोचर, म्हणजे ग्रहांचं चालू भ्रमण, असतं, एक दिवस म्हणजे एक वर्ष धरून पत्रिका पुढे नेण्याची रीत असते, आणि सूर्य दर वर्षी मूळ अंशावर परतला की त्या क्षणाची कुंडली मांडतात. ही शेवटची रीत आपल्याला परकी नाही. ताजिक वर्षफल म्हणजे हेच, आणि ते फारसी-अरबी वाटेने आपल्याकडे आलं. नीलकंठाने त्यावरचा ग्रंथ १५८७ मध्ये लिहिला.

पाश्चात्यांचा जोर आहे तो ग्रहांमधल्या अंशात्मक योगांवर. दोन ग्रहांत ६०, ९०, १२०, १८० अंशांचं अंतर किती काटेकोर आहे, त्याला किती अंशांची सूट द्यायची, यावर त्यांचं वाचन उभं राहतं. आपली पराशरी दृष्टी राशीवरून मोजतात. प्रत्येक ग्रह सातव्या स्थानाला पूर्ण पाहतो. शिवाय मंगळ चौथं आणि आठवं, गुरू पाचवं आणि नववं, शनी तिसरं आणि दहावं. म्हणजे शनीची दृष्टी एकतर्फी असू शकते: तो दहाव्या स्थानातल्या ग्रहाला पाहतो, पण तो ग्रह, मंगळ सोडला तर, उलट शनीला पाहत नाही. पाश्चात्य योगांत असा एकतर्फीपणा नसतो, अंतर दोघांनाही सारखंच. महाराष्ट्रात मात्र नवपंचम (१२०), केंद्रयोग (९०), लाभयोग (६०) हे अंशांनी पाहण्याची सवय गेल्या शतकात रुजली आहे, आणि १७८१ मध्ये सापडलेला हर्षल, १८४६ चा नेपच्यून, १९३० चा प्लूटो आपल्या कुंडल्यांत सर्रास मांडले जातात. दक्षिणेतले पारंपरिक ज्योतिषी याकडे नवलाने पाहतात. मला हर्षल-नेपच्यून पत्रिकेत लिहायला हरकत वाटत नाही. पण त्यांना दशा नाही आणि आपल्या पद्धतीत राशीचं स्वामित्वही नाही, म्हणून निर्णय त्यांच्यावर टेकवू नये.

भावांबाबत थोडक्यात. आपण लग्नाची पूर्ण रास पहिलं स्थान धरतो, दुसरी रास दुसरं, असं सरळ. गरज पडली तर भावचलित, म्हणजे लग्नाच्या अंशावरून मोजलेली स्थानं. आज पश्चिमेत प्लॅसिडस ही असमान भावांची रीत सर्वांत जास्त चालते. कृष्णमूर्ती पद्धतीने तीच घेतली आणि ती महाराष्ट्रात खूप पसरली.

एक अन्याय आपल्याकडून नेहमी होतो, तो टाळायला हवा. वर्तमानपत्रातलं ‘आजचं मेष राशीचं भविष्य’ म्हणजे पाश्चात्य ज्योतिष नव्हे. तो प्रकार इंग्लंडमधल्या संडे एक्सप्रेस या वृत्तपत्रात १९३० मध्ये राजकन्या मार्गारेटच्या जन्मानंतर आर. एच. नेलर यांच्या लेखांतून फोफावला. अभ्यासू पाश्चात्य ज्योतिषी लग्न, चंद्र, भाव, योग सगळं पाहतो. त्यांची प्राचीन ग्रीक परंपरा तर पूर्ण-रास भाव आणि कालखंडांचे स्वामी या बाबतींत आपल्याला पुष्कळ जवळची आहे. विसाव्या शतकात तिकडचा ओढा स्वभाव आणि मन यांकडे गेला, इकडे आपण ‘लग्न कधी, नोकरी कधी’ यात राहिलो. शनीचंच उदाहरण बघा. आपण साडेसाती मोजतो ती चंद्रापासून: चंद्रराशीच्या मागची रास, चंद्ररास आणि पुढची, अडीच-अडीच वर्षं. २९ मार्च २०२५ ला शनी निरयन मीनेत आला, म्हणून कुंभ, मीन आणि मेष या राशींना साडेसाती. पाश्चात्य ज्योतिषी मोजतात शनी स्वतःच्या मूळ जागी कधी परततो ते, साधारण २९ व्या आणि ५८ व्या वर्षी. दोन्हीकडे शनी जबाबदारीचाच, पण प्रश्न वेगळे.

आता विश्वासार्हतेबद्दल, कारण हे बोलल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. ग्रहांचं गणित हे खगोलशास्त्र आहे. ग्रहणाची वेळ मिनिटाला येते. फलित मात्र परंपरेने जपलेली नियमांची रचना आहे, आणि ते प्रयोगाने सिद्ध झालेलं नाही. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात २००८ मध्ये चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा दोन्ही गटांतल्या मुलांच्या मिळून २०० पत्रिका होत्या, प्रत्येक ज्योतिष्याला ४० दिल्या. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी यश ४६ टक्के आलं, म्हणजे नाणं फेकून मिळेल तेवढंच. या निकालाला बगल देणारे आमच्यात पुष्कळ आहेत. मी तो शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. पत्रिकेवरून औषध थांबवायचं नाही, शस्त्रक्रिया पुढे ढकलायची नाही, कर्ज काढायचं नाही.

आणि पत्रिकेवरून चांगलं स्थळ मोडायचं नाही. मंगळ १, ४, ७, ८ किंवा १२ या स्थानांत असला की ‘मंगळाची पत्रिका’ म्हणतात. बारांपैकी पाच स्थानं, म्हणजे पाचांत दोन माणसं मंगळाची निघणारच. त्यामुळे मुलींची लग्नं अडतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. गुणमेलनाचे ३६ गुण तर फक्त दोघांच्या चंद्राच्या नक्षत्रांवरून आणि राशींवरून येतात. त्यात लग्न नाही, शुक्र नाही, सप्तमेश (सातव्या स्थानाचा स्वामी) नाही, दशा नाही. एकनाडी निघाली, म्हणजे दोघांची नक्षत्रं एकाच नाडीत पडली, की ३६ पैकी ८ गुण एकदम जातात आणि लोक पुढचं काही बघतच नाहीत. शेजारच्या खोलीत दोन शहाणी मुलं एकमेकांशी बोलायला तयार बसलेली असतात, त्यांना बोलू द्या.

शिकायचं असेल तर एकच पद्धत निदान दोन वर्षं धरा. मी निरयन सुचवतो, कारण मराठी माणसाच्या घरात पंचांग असतं आणि ते रोज ताडून पाहता येतं. आजचं चंद्रनक्षत्र वाचा आणि रात्री गच्चीवर जाऊन चंद्र खरंच रोहिणीजवळ आहे का ते पाहा. आधी राशी-स्वामी, बारा भाव, उच्च-नीच, मग दृष्टी, मग विंशोत्तरी हाताने काढायला शिका. नवमांश, म्हणजे राशीचे नऊ भाग करून मांडलेली कुंडली, त्यानंतर. षोडशवर्गाच्या, म्हणजे अशा सोळा कुंडल्यांच्या, मागे पहिल्या वर्षी लागू नका.

जन्मवेळेकडे लक्ष द्या. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतं. आजी-आजोबांच्या पत्रिका तपासताना दोन सापळे असतात. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतात युद्धामुळे घड्याळं एक तास पुढे होती. आणि मुंबईत १९५५ पर्यंत ‘बॉम्बे टाइम’ चालू होता, प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. जुन्या कागदावर ‘मुंबई, सकाळी सात’ लिहिलं असेल तर ती कोणती वेळ, हे ठरवल्याशिवाय लग्न काढू नये. शिवाय आपला वार सूर्योदयाला बदलतो. पहाटे दोनचा जन्म पंचांगाने आदल्या वाराचा.

तुमच्या मुलीचंही याच नियमाने. जन्म डब्लिनचा, तर अक्षांश-रेखांश डब्लिनचे आणि वेळ तिथल्या घड्याळाची. जूनमध्ये तिथे उन्हाळी वेळ असते, ग्रीनिचपेक्षा एक तास पुढे. प्रणालीने तो तास धरला आहे ना, हे स्वतः तपासा. नाशिकच्या पंचांगातला सूर्योदय आणि लग्नकोष्टक तिच्यासाठी वापरू नका. डब्लिन ५३ अंश उत्तरेला आहे. नाशिकला प्रत्येक लग्न दोन तासांच्या आतबाहेर असतं. डब्लिनला काही राशी तासाभरातच उगवून जातात, तर काहींना जवळजवळ तीन तास लागतात. असमान भाव घेतले तर तेही तिथे फार लहानमोठे होतात, म्हणून तिच्यासाठी पूर्ण-रास भावच घ्या, अयनांश चित्रापक्षाचे ठेवा आणि ते पत्रिकेच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. वीस वर्षांनी ती पत्रिका दुसऱ्या कोणी उघडली तर त्याला पहिल्यांदा तेच लागणार आहे.